पिदियोंगसाठी पुष्पचक्र

सान एलियासमध्ये माणूस गेला की दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत त्याच्या दाराशी मोंतालुनांचे पुष्पचक्र उभे राहते. पाद्री उशिरा येईल, शवपेटी शहरातून यायला वेळ लागेल, परदेशातला मुलगा मातीच्या दिवशी कसाबसा पोचेल. पुष्पचक्र मात्र चुकत नाही. बांबूच्या तिवईवर केळीच्या सोपटांचा गोल, त्यात खोचलेली पांढरी शेवंती आणि ग्लॅडिओला, मधोमध तिरकी जांभळी रिबन. रिबनवर सोनेरी बेगडाची अक्षरे. वरच्या ओळीत गेलेल्याचे नाव, खालच्या ओळीत ‘मोंतालुना परिवार’. नगरपालिकेचा सचिव असो की ऊसतोडीचा मजूर, अक्षरे एकाच मापाची. माझे यजमान गेले तेव्हा आमच्याकडेही आले होते, आणि मला बरे वाटले होते.

ही पुष्पचक्रे करणारी बाई ब्रिखीदा पालमारेस. गाव तिला मानांग बिदांग म्हणते, थोरल्या बहिणीला म्हणावे तसे. मी तिच्याहून मोठी, म्हणून मी नुसते बिदांग म्हणते. ती मला न्योरा, म्हणजे बाईसाहेब, म्हणते, कारण माझे यजमान औषधांचे दुकान चालवत आणि मी नन्सच्या शाळेत शिकलेली. तिचे दुकान माझ्या घराच्या बरोबर समोर आहे. दुपारी ऊन उतरले की मी तिच्याकडे स्टुलावर जाऊन बसते. ती सिगारेटचे पेटते टोक तोंडात ठेवून ओढते, इथल्या जुन्या बायका ओढतात तशी, म्हणजे हात मोकळे राहतात आणि राख फुलांवर पडत नाही. तशा अवस्थेत ती बोलूही शकते. तिने कधी तोंड भाजून घेतलेले मला ठाऊक नाही.

तिचा नवरा एलपिदियो, म्हणजे पिदियोंग, ऊस वाहण्याचा ट्रक चालवायचा. बुटका, जाड मानेचा, हसताना डोळे मिटणारा माणूस. आमच्या दुकानातून पोटदुखीचे औषध न्यायचा आणि दर वेळी माझ्या यजमानांना विचारायचा, ‘डॉक्टर, हे खरंच औषध आहे की नुसतं गोड पाणी?’ यजमान डॉक्टर नव्हते, पण ते कधी त्याला तसे सांगत नसत.

तेव्हा जनरल मोंतालुना देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. ते आमच्याच गावचे. पूल त्यांच्या नावाचा, दवाखाना त्यांच्या नावाचा, बास्केटबॉलच्या फळ्यांवरही त्यांचेच नाव. माझ्या लग्नात ते आमचे निनोंग होते, धर्मपिता म्हणून वेदीपाशी उभे राहिले होते. त्या वेळी नुसते कर्नल होते. त्यांनी दिलेले चांदीचे तबक अजून माझ्या कपाटात आहे. साखर कारखाना त्यांच्या मेहुण्याचा होता.

कारखान्याच्या वजनकाट्यावर ऊस कमी भरतो हे सगळ्यांना माहीत होते. पिदियोंग ते काट्याच्या खोलीत उभा राहून बोलला. पुढच्याच आठवड्यात त्याचा ट्रक उसासकट रस्त्याच्या कडेला सापडला. किल्ली जागच्या जागी होती. कोपऱ्यावर शेंगदाणे विकणाऱ्या सेपाने संध्याकाळी सांगितले की दोन माणसांना त्याला जीपमध्ये बसवताना पाहिले. सकाळी ती म्हणाली की मी काहीच पाहिले नाही, माझी पाठ होती. पोलिसांनी बिदांगला सांगितले, तुझा नवरा एका बाईबरोबर दूर दावाओ शहरात गेला आहे; वाट बघ, कंटाळला की येईल.

बाईची गोष्ट लोकांना सोपी वाटली. ती ऐकून हसता येत होते, कुणाकडे बोट दाखवावे लागत नव्हते. सेनिया, बिदांगची मुलगी, तेव्हा पोटात होती. ती शाळेत जाऊ लागली तेव्हा पोरे तिला विचारायची की तुझे दावाओचे भाऊ किती मोठे झाले. ती घरी येऊन आईला विचारायची की आपण दावाओला का जात नाही. बिदांगने मुलीला पहिल्यापासून एकच सांगितले: तुझे वडील मेलेत, त्यांना मारलंय. पण ज्या माणसाची पेटी नाही, कबर नाही, ज्याच्यासाठी कुणी नऊ दिवस प्रार्थना केली नाही, तो मेला असे नुसत्या बायकोच्या म्हणण्यावर गाव मानत नाही.

बिदांग आधी भाजी विकायची. मग म्हाताऱ्या फुलवालीच्या हाताखाली सोपटे बांधायला लागली आणि ती गेल्यावर दुकान तिच्याकडे आले. दुकानाबरोबर मोंतालुनांचे गिऱ्हाईकही आले.

जनरल सत्तेवरून गेले आणि घरचे लोक परदेशी निघून गेले, त्या वर्षांत पुलावरचे नाव चुन्याने पुसले होते. तरी पुष्पचक्रे येतच राहिली. खालच्या ओळीत फक्त ‘एक स्नेही’ असायचे. स्नेही कोण ते शेंबड्या पोरालाही कळत होते. पुढे घरचे लोक परतले, एकेक निवडणूक जिंकू लागले, पुलाला नवा रंग लागला आणि रिबनवर आडनाव परत आले.

मी तिला एकदा विचारले होते की त्या नावाची अक्षरे कापताना तुझा हात कसा चालतो.

“न्योरा, वरच्या ओळीत कोण असतं?” ती म्हणाली. “मेलेला माणूस. मी त्याच्यासाठी बसते. खालची ओळ ज्याची त्याला.”

बेगडाची कापलेली अक्षरे ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. मोंतालुना आडनावाची अक्षरे त्यात कायम तयार असतात.

दोन वर्षांपूर्वी जनरलची मुलगी, सेनेटर एलेना मोंतालुना, राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहिली. आमच्या बेटावर तिला घरच्या नावाने नेनिंग म्हणतात. त्याच सुमारास सेनिया मिलानहून आईच्या मागे लागली होती की आता गुडघे चालत नाहीत, दुकान बंद कर आणि माझ्याकडे ये. ती तिथे एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करते. बिदांग म्हणाली, येईन, पण आधी तुझ्या वडिलांचे उरकते. फादरनी पेटीशिवाय नऊ दिवसांची प्रार्थना आणि शेवटी चर्चमध्ये मिस्सा करायला होकार दिला. कबरस्तानाच्या भिंतीत एक कोनाडाही मिळाला, त्यात ठेवायला पिदियोंगची टोपी आणि ट्रकच्या किल्लीचा गोफ होता.

हे सगळे ठरल्यावर ती मला म्हणाली की आता फक्त मोंतालुनांचे पुष्पचक्र यायला हवे.

मला वाटले ती थट्टा करते आहे. सेनियालाही तसेच वाटले असावे. फोनवर ती इतकी चिडून बोलली की समोर बसून मला ऐकू आले. त्यांची फुले कशाला हवीत, मी मिलानहून याच्या दुप्पट मोठी पाठवते, असे ती म्हणत होती.

“तू पाठवशीलच गं,” बिदांग म्हणाली. “तू त्याची पोर. पण या गावात जो मरतो त्याला त्यांचं चक्र येतं. बेवड्या तुरिंगला आलं, त्या जळालेल्या चिनी दुकानदाराला आलं. एकट्या तुझ्या बापाला नाही आलं. का? कारण तो दावाओला आहे. चक्र आलं की तो तिथून परत आला, मेला, आणि संपलं.”

 सेनियाने पलीकडून विचारले की मिस्सा कोणत्या तारखेला आहे.

पुष्पचक्रांची ऑर्डर नगरपालिकेतला रोली देतो. मेयर ही सेनेटरची चुलत बहीण, आणि रोली तिचा उजवा हात. जाडा, घाबरट, मनाने चांगला माणूस. मोटारसायकलवर बसून गावात कोण आजारी आहे, कोण अंथरुणाला खिळले आहे, याची माहिती ठेवतो. त्याच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला बिदांग धर्ममाता होती, म्हणून तो तिला कोमारे म्हणतो आणि ती त्याला टोटो, धाकट्या भावाला म्हणावे तसे. बिदांगने त्याला तिची इच्छा सांगितली तेव्हा मी तिथेच होते. त्याने हेल्मेट काढले आणि पुन्हा घातले.

“कोमारे, पण पिदियोंग गेला असं कुठे ठरलंय?”

“मी ठरवलंय. फादरनी मिस्सा ठरवलीय. तुम्ही आता फुलं ठरवा.”

“निवडणूक आहे गं.”

“माणसं निवडणुकीत पण मरतात, टोटो. गेल्या खेपेला तूच एका दिवसात चार चक्रं मागितली होतीस.”

रोलीने ते मेयरच्या कानावर घातले, मेयरने मनिलाला कळवले, आणि चार दिवसांनी मनिलाहून बिया नावाची मुलगी आली. तिशीची असेल, दोन फोन घेऊन. ती माझ्याच शाळेत शिकलेली निघाली, अर्थात माझ्यानंतर दोन पिढ्यांनी. म्हणून रोलीने तिला माझ्या घरी उतरवले. केळीच्या पानातला चिकट भात आणि आंबा खाता खाता तिने मला सगळे समजावून सांगितले. बोलणे नीटस होते. नन्सनी चांगले शिकवले होते.

तिचे म्हणणे असे. आमच्या बेटावर सेनेटरच्या फलकावर आडनाव ठळक नसले तर लोक चिडतात, आपल्याला परके केले म्हणतात. म्हणून इथे आडनाव मोठे, नाव लहान. बेटाबाहेर मात्र फलकावर नुसते ‘नेनिंग’ असते, गुलाबी अक्षरांत, आडनाव कुठेच नाही. मनिलात मोंतालुना म्हटले की लोकांना पूल आणि दवाखाने आठवत नाहीत, न परतलेली माणसे आठवतात. उत्तरेकडे तर आडनाव ऐकले की लोक दार लावून घेतात. तरुणांना काहीच आठवत नाही, त्यांच्यावर सगळी भिस्त. अशा वेळी एका बेपत्ता माणसाच्या दाराशी मोंतालुनांच्या नावाचे चक्र उभे राहिले आणि त्याचा फोटो निघाला, तर तो कबुलीजबाब ठरेल. आणि नाही पाठवले, तर दगडाच्या काळजाची म्हणून बोंब होईल.

मी तिला विचारले, की आडनावाची एवढी अडचण आहे, तर ते नसते तर सेनेटर उभी राहिली असती का.

बिया हसली. आजीला म्हणतात तसे ती मला लोला म्हणायची. “नाव नसतं तर त्यांना कुणी ओळखलंच नसतं, लोला. नावामुळेच इथवर आल्या. आता पुढे जाताना तेच पायात येतंय.”

मुलगी वाईट नव्हती. जाताना तिने ताटली उचलून स्वयंपाकघरात ठेवली.

प्रार्थना सुरू व्हायच्या आदल्या दिवशी रोली दुकानात आला. घाम पुसत म्हणाला की मनिलाहून परवानगी आली, चक्र पाठवायचे.

“खालच्या ओळीत काय?” बिदांगने विचारले.

“नेनिंग.”

“कोण नेनिंग?”

“कोमारे, चेष्टा नको आता.”

“चेष्टा कुठे? माझ्या मांजरीचं नाव नेनिंग आहे. ती पाठवतेय का?”

रोलीने माझ्याकडे पाहिले. मी शेवंतीची पाने काढत होते, ती काढत राहिले.

“हे बघ,” बिदांग म्हणाली, “वरच्या ओळीत माझ्या नवऱ्याचं अख्खं नाव येणार आहे, त्याच्या आईच्या माहेरच्या नावासकट. खाली लाडाचं नाव नाही चालणार. नेहमीचं लाव म्हण, लावते. नाही म्हण, नाही लावत. दुसरं काही मी चिकटवणार नाही.”

“मग ‘एक स्नेही’ कर. पूर्वी करायचीस की.”

“तेव्हा तुम्ही पळालेले होतात. आता काय, समोर बसलायत.”

रोली बाहेर जाऊन फोनवर बोलून आला. त्याचा चेहरा सैल झाला होता. म्हणाला, खालची ओळ कोरीच ठेव. कोऱ्या रिबनला कोण काय म्हणणार. बियालाही ते पसंत पडले होते. दोघांनाही त्याहून सुरक्षित काही सुचत नव्हते, आणि त्या घटकेला मलाही नव्हते.

बिदांगने त्या दुपारी पुष्पचक्र केले. मी तिला शेकडो चक्रे करताना पाहिले आहे. यात तिने वेगळे काही केले नाही. सोपटे भिजवली, गोल बांधला, फुले नेहमीच्या क्रमाने खोचली. वरच्या ओळीत ‘एलपिदियो साल्वान पालमारेस’ अक्षरे चिकटवली आणि अंगठ्याने दाबली. खालच्या ओळीवरून एकदा बोट फिरवले, जणू तिथे काही असावे. मग तिवई उचलून रस्ता ओलांडून स्वतःच्या घराच्या दाराशी स्वतःच ठेवून आली. रोली उचलायला धावला, पण तिने दिले नाही.

पेटी नव्हती म्हणून टेबलावर पांढरी चादर घातली होती. त्यावर फोटो, टोपी, दोन मेणबत्त्या. पहिल्या दिवशी लोक कुतूहलानेच आले. रिबनची वरची ओळ वाचायचे, खालची वाचायला वाकायचे, मग रिबन उलटून मागे काही लिहिले आहे का पाहायचे. हे मी खुर्चीतून पुन्हा पुन्हा पाहिले. आमच्याकडे तिवईची घडण, फुलांची बांधणी पाहूनच चक्र कुणाचे ते कळते, कारण ते कायम एकच असते. प्रत्येक जण नाव पाहायला वाकला आणि नाव नाही हे पाहून सरळ झाला.  अंगणात इथल्या रिवाजाप्रमाणे पत्ते आणि माजोंगचा डाव बसला, कॉफी फिरली. बायका प्रार्थनेला बसल्या.

पाचव्या दिवशी सेनेटरचा प्रचाराचा ताफा गावात आला. मोंतालुनांपैकी कुणी गावात असेल आणि गावात दुखवटा असेल, तर ती व्यक्ती तिथे थांबल्यावाचून जात नाही. जनरल स्वतः राष्ट्राध्यक्ष असताना एका शिंप्याच्या दारी थांबल्याचे मी पाहिले आहे. सेनेटरचा ताफा वळवण्याचा विचार झाला असेल तर मला माहीत नाही. ती आली.

साठीची बाई, उन्हाने दमलेली, साधा पांढरा ब्लाउज. घरात येताच तिने छातीवर क्रूसाची खूण केली, फोटोपुढे उभी राहिली, मग बिदांगशेजारी बसली आणि दिलेले बिस्किट खाल्ले. तिला हे सगळे येते. लहानपणापासून करत आली आहे. बिया दारात उभी होती. अंगणातला डाव थांबला होता आणि माजोंगच्या सोंगट्यांचा आवाज बंद झाल्यामुळे आतले बोलणे बाहेर स्वच्छ ऐकू येत होते.

सेनेटर हलक्या आवाजात म्हणाली की त्या काळात मी शाळेत होते, मानांग, घरात काय चालते ते आम्हा मुलांना कुणी सांगत नसे.

“तुम्हाला काही विचारत नाहीये मी,” बिदांग म्हणाली. “चक्र आलं, उपकार झाले. फक्त खालची ओळ कोरी आहे. नाव लावायचं का, तेवढं सांगा. अक्षरं समोरच दुकानात आहेत.”

 सेनेटरने दारातल्या बियाकडे पाहिले नाही हे मी मुद्दाम सांगते; उत्तर तिचे स्वतःचे होते. तिने बिदांगचा हात हातात घेतला.

“निवडणूक होऊ दे, मानांग,” ती म्हणाली. “मग लावू.”

बिदांगने मान हलवली. सेनेटर उठली. दुखवट्याच्या घरातले लोक पाहुण्याला दारापर्यंत पोचवायला जात नाहीत, तो अपशकुन मानतात. पण मोंतालुनांसाठी हा नेम नेहमी मोडला जातो, मीही मोडला होता. बिदांग खुर्चीतून उठली नाही. मग दुसरेही कुणी उठले नाही. सेनेटर आणि बिया दोघीच पायऱ्या उतरल्या.

गाड्यांचा आवाज विरल्यावर अंगणात डावाला बसलेल्या इग्मेने, ऊसतोडीतल्या जुन्या मुकादमाने, सोंगटी टेबलावर ठेवली.

“निवडणुकीनंतर लावणार म्हणजे काय?” तो शेजाऱ्याला म्हणाला. “पिदियोंग काय निवडणुकीनंतर मरणार आहे?”

एक जण हसला. दुसरा म्हणाला की दावाओला गेलेल्याला फुले कशाला धाडतील. इग्मे म्हणाला, तेच तर. आणि साधा तापाने मेला असता तर नाव लावायला कसली भीती. त्यानंतर कुणी हसले नाही. डाव पुन्हा सुरू झाला, पण सोंगट्या हळू पडत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेपा आली. शेंगदाणे विकणारी तीच सेपा. आता तिला एका डोळ्याने दिसत नाही आणि नातू हात धरून आणतो. तिच्या कुशीत कोंबडीचे पिल्लू होते. आमच्याकडे ज्याचा खून झाला असेल त्याच्या पेटीवर जिवंत पिल्लू ठेवतात, मारणाऱ्याच्या काळजाला चोच लागत राहावी म्हणून. तापाने मेलेल्याच्या किंवा अपघाताने गेलेल्याच्या पेटीवर ते ठेवत नाहीत, आणि घरचे लोकही ते स्वतःहून ठेवत नाहीत. कुणीतरी आणावे लागते. इतक्या वर्षांत बिदांगने ते कुणाकडे मागितले नव्हते.

सेपाने पिल्लू टेबलावर, फोटोपुढे सोडले. ते चादरीवर चोच मारू लागले.

“दोघं होते,” ती म्हणाली. “जीप हिरवी होती. त्याने मला शेंगांचं विचारलं होतं, तेवढ्यात आले.”

बिदांगने सिगारेट तोंडातून काढली. तिला बसायला खुर्ची दिली, कॉफी दिली.  दोघी संध्याकाळपर्यंत शेजारी बसल्या.

त्या दिवशी गाव पुन्हा आले. जे आधी येऊन गेले होते तेही आले. ते आता रिबनकडे पाहत नव्हते, सरळ आत येऊन टेबलापाशी उभे राहत होते. बायकांनी पिदियोंगच्या आठवणी काढल्या. त्याचा ट्रक कसा शीळ घालायचा, त्याने कुणाच्या बाळंतपणाला गाडी कशी आणली होती. मी गोड पाण्याची गोष्ट सांगितली. इतकी वर्षे त्याच्याबद्दल कुणी दावाओखेरीज काही बोलले नव्हते.

सेनिया सातव्या दिवशी पोचली. दारातच तिला पिल्लू दिसले. इथेच वाढलेली मुलगी. तिला काही समजावून सांगावे लागले नाही. तिने बॅग खाली ठेवली, टेबलापाशी गेली, वाटीतले चार तांदूळ तळहातावर घेऊन पिल्लापुढे धरले आणि तशीच बराच वेळ उभी राहिली. मिस्सेच्या दिवशी टोपी आणि गोफ कोनाड्यात ठेवून तो बंद केला. पुष्पचक्र बाहेर टेकवून ठेवले, रिबन कोरी होती तशीच.

निवडणुकीत आमच्या बेटाने सेनेटरला जवळजवळ सगळी मते दिली. सान एलियासमध्ये थोडी कमी पडली. का, ते कुणी तपासले नाही. मनिलात आणि उत्तरेत ती हरली आणि एकूणात दुसरी आली. रोली म्हणतो, आडनाव लपवले म्हणून हरलो. बियाने मला नाताळच्या शुभेच्छांबरोबर कळवले की ते आणखी लपवायला हवे होते. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर असेल. गुलाबी फलक उतरले. पुढच्या वर्षी मेयर गव्हर्नरपदासाठी उभी राहणार आहे, तिचे फलक आतापासून लागले आहेत. त्यांवर आडनाव आहे, एवढे मोठे की तिचे स्वतःचे नाव शोधावे लागते.

निकालानंतर महिनाभराने रोली दुकानात आला. बिदांग मिलानला गेली नव्हती. सेनिया परत जाताना म्हणाली होती की तुझे तूच ठरव, आणि बिदांगचे अजून ठरत होते. ते पिल्लू आता चांगली कोंबडी झाले होते आणि दुकानात तुटलेल्या देठांत चरत होते.

रोलीने आधी गावच्या बातम्या सांगितल्या. मग म्हणाला, “कोमारे, ते राहिलं होतं ना. आता लावता येईल. वरून कळवलंय. नवी फुलं कर, नेहमीचं नाव लाव, आपण कोनाड्यापाशी नेऊन ठेवू. आता मनिलातलं कुणी विचारायला नाही.”

बिदांगने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मला वाटते ती खरोखरच विचार करत होती. काही महिन्यांपूर्वी तिला याहून दुसरे काही नको होते.

“राहू दे, टोटो,” ती म्हणाली. “आता कुणाला वाचून दाखवायचं?”

रोलीने कोंबडीकडे पाहिले आणि पाय बाजूला घेतला. मग त्याने ज्या कामासाठी आला होता ते सांगितले. तुरिंगची बायको सकाळी गेली होती; संध्याकाळपर्यंत चक्र हवे होते.

“खाली नेहमीचंच?” बिदांगने विचारले.

“नेहमीचंच.”

तिने सिगारेटचे पेटते टोक तोंडात घेतले, डबा पुढे ओढला आणि आधी वरच्या ओळीची अक्षरे काढायला लागली.